तीन नंबरच्या गिअरबॉक्समधला खेळ

"यहाँ बहुत ज्यादा खेल है. यह ठीक नहीं है. इसे रोकना पड़ेगा."

हे बोलली फोनमधली बाई, शुद्ध हिंदीत. खरं तर बोलला होता सिल्व्हानो, इटलीहून आमच्याकडे मिल बसवायला आलेला माणूस. त्याला इंग्लिश जेमतेम वीस शब्द, हिंदी शून्य. म्हणून तो फोनमध्ये आपल्या भाषेत बोलायचा आणि फोन आम्हाला हिंदी करून सांगायचा.

फोन त्या वेळी आमच्या जीएमच्या, तिवारी साहेबांच्या हातात होता. मी बाजूला उभा, हातात ग्रीसचं फडकं. सिल्व्हानोचं बोट समोर रोखलेलं. त्या बोटाच्या रेषेत आधी तीन नंबरचा गिअरबॉक्स होता, झाकण उघडलेला. त्याच्या मागे शेडची मोकळी बाजू. आणि तिच्या पलीकडे, स्क्रॅप यार्डाच्या मैदानात, आमची आठ-दहा माणसं अनवाणी पायानं फुटबॉल खेळून राहिली होती. लंच संपून सात-आठ मिनिटं झाली होती.

तिवारी साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग मैदान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुन लिया, कापगते जी? बाहर देश का आदमी बोल रहा है. मेरे को शर्म आ रही है."

"साहब, दो मिनट में सब आ जाएँगे."

"दो मिनट नहीं. आज से बंद." आणि सिल्व्हानोकडे वळून त्यांनी हाताची कात्री करून दाखवली. "बंद! ओके? टोटल बंद!"

सिल्व्हानोनं अंगठा वर केला आणि हसला. "ओके, ओके. ग्रात्सिए," म्हणजे धन्यवाद, म्हणाला आणि शिट्टी वाजवत निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती का गेली हे कळायला थोडं मागं जावं लागेल. मी मधुकर कापगते, मेकॅनिकल फिटर. माझे वडील भंडारा जिल्ह्यातली धानाची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि आम्ही सगळे सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी तिथल्याच पोलादाच्या मोठ्या प्लँटमध्ये पस्तीस वर्षं काम केलं, रिटायर झालो, बोरसीला घर बांधलं. तीन महिने घरी बसलो. तेवढ्यात मिक्सर, कुकर, शिलाई मशीन, सगळ्या चांगल्या चालणाऱ्या वस्तू खोलून पाहिल्या. शेवटी बायकोच, पुष्पा, हात जोडून म्हणाली, "कुठंतरी कामाले जा जी. घरातलं एक तरी सामान साबूत राहू द्या." मग हथखोजच्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला लागलो.

रोलिंग मिल म्हणजे काय, तर लोखंडाची पोळी लाटायची जागा. फरक एवढाच की इथं लाटणी दोन असतात, एकावर एक, आणि मधून लालबुंद लोखंडी ठोकळा जातो. अशा जोड्या एकामागे एक उभ्या असतात. प्रत्येक जोडीला म्हणतात स्टँड. पहिल्या स्टँडमधून ठोकळा थोडा बारीक होतो, दुसऱ्यातून आणखी, आणि शेवटी घरांच्या स्लॅबमध्ये जाते ती सळी बाहेर पडते. लाटणी फिरवायला प्रत्येक स्टँडच्या मागे एक गिअरबॉक्स.

मालकांनी ही मिल इटलीहून जुनी विकत घेतली होती. तिकडे ती खोलली, कंटेनरमध्ये भरली, इकडे आणून जोडली. तिच्यासोबत सिल्व्हानो आला. त्यानं तिकडे ती कितीतरी वर्षं सांभाळली होती. नवऱ्या मुलीसोबत पाठराखीण येते ना, तसा. केस पांढरेशुभ्र, पोट सुटलेलं, उजव्या पायानं किंचित लंगडायचा. आमच्या लोकांना सिल्व्हानो म्हणता येईना. केसांकडे पाहून त्यांनी नाव पाडलं, सिल्वर साहब.

आणि फुटबॉल. ते खूळ माझंच. आमच्या सेक्टरमध्ये बंगाली होते, मल्याळी होते, तेलुगू, पंजाबी, आम्ही मराठी. भाषा कुणाची कुणाला धड येत नव्हती, पण संध्याकाळी मैदानात सगळ्यांना एकच गोष्ट समजायची, बॉल इकडे दे. सायरन झाला की वडील सायकलनं येताना दिसायचे आणि आम्ही शेवटचा गोल, शेवटचा गोल करत अंधार पाडायचो. मी डिपार्टमेंटच्या टीममध्ये गोलकीपर होतो. एकदा इंटर-डिपार्टमेंट फायनलपर्यंत गेलो आणि तिथं माझ्या दोन पायांच्या मधून गोल खाल्ला. सासरी अजून तो विषय निघतो.

तर हथखोजला मी पाहिलं की लंचमध्ये लोक डबा खाऊन मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. मी अँगल कापून दोन गोलपोस्ट वेल्ड केले. रोलिंग विरुद्ध मेंटेनन्स, वीस मिनिटं. एकसष्ट वर्षांचा मी गोलमध्ये. महिन्याभरात लोक एकमेकांना नावानं हाक मारायला लागले. शिफ्टमधली भांडणंही कमी झाली, हे मी नाही, टाइम ऑफिसवाला म्हणाला.

सिल्व्हानो पहिले चार दिवस लांब उभा राहून पाहायचा. पाचव्या दिवशी बॉल त्याच्याकडे गेला, चांगला जोरात. त्यानं डावा पाय नुसता पुढं केला आणि बॉल तिथंच बसला. उडाला नाही, घरंगळला नाही. खेमलाल, म्हणजे तीन नंबर स्टँडचा आमचा ऑपरेटर, म्हणाला, "ए बबा! सिल्वर साहब खेलथे का?"

फोननं भाषांतर केलं आणि फोननंच उत्तर दिलं, "मैं पेशेवर खिलाड़ी था. चौदह साल."

आम्ही हसलो. पोट पाहून कोण विश्वास ठेवील? मग त्यानं मला गोलमध्ये उभं केलं आणि कोणत्या कोपऱ्यात मारणार ते आधी बोटानं दाखवलं. दाखवून मारलं. तीन वेळा. तिन्ही वेळा मला माहीत होतं बॉल कुठं येणार, आणि तिन्ही वेळा मी माती खाल्ली. त्या दिवसापासून तो रोज यायचा. पळायचा नाही, मैदानाच्या मधे उभा राहून पास द्यायचा. वय झालेली दोन माणसं, एक गोलमध्ये, एक मधे. मला फार वर्षांनी मित्र मिळाला होता.

आणि आता त्याच माणसानं जीएमसमोर बोट दाखवून आमची चुगली केली होती. रोज स्वतः खेळून, त्या दिवशी, शनिवारी, तेवढा कामाला लवकर गेला म्हणून आमच्यावर उलटला. मी तर असाच अर्थ लावला.

संध्याकाळी नोटीस लागली. "सभी कर्मचारियों को सूचित किया जाता है कि खेल तत्काल प्रभाव से पूर्णतः बंद किया जाता है." खाली तिवारी साहेबांची सही. मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी ट्रायल आहे," ते हिंदीत म्हणाले. "मालक येणार, मोठी पार्टी येणार. त्या दिवशी तुम्ही राहू नका."

"साहब, बेअरिंग सगळी मी बसवली आहेत."

"बसवली ना? सही पण केली ना? मग झालं. तुम्ही मंगळवारी या, मग पाहू तुमचं पुढं काय करायचं. मला फिटर पाहिजे, क्रीडामंत्री नको."

मंगळवारी काय करणार ते त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. माझी नोकरी गेली होती, फक्त तीन दिवस उशिरानं कळणार होती. एवढ्या वर्षांत मला कुणी कामावरून काढलं नव्हतं. बाहेर आलो तर सिल्व्हानो गेटवर उभा होता, हात पुढं केला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करून स्कूटर काढली.

पण एक घोळ होता. रविवारी दुपारी त्याला मीच घरी जेवायला बोलावून ठेवलं होतं.

"मी नाही जेवत त्याच्यासोबत," मी पुष्पाला सांगितलं.

"कावून? का झालं?"

सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तांदळाचं पीठ मळत राहिली. "हे पाहा जी, भांडण तुमचं कारखान्यातलं. माझ्या घरी पाहुणा येऊन राहिला. एवढ्या दुरून आला बिचारा, हॉटेलचं खाऊन खाऊन त्याचं पोट बिघडलं असन. तोंड पाडाचं असन तर मागच्या खोलीत जाऊन पाडा."

बरोबर एक वाजता तो आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. पुष्पानं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते आणि फरा केला होता. फरा म्हणजे आमच्या छत्तीसगडचा प्रकार, तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या, वाफवून वर तिळाची फोडणी. त्यानं एक तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. फोन म्हणाला, "मेरी माँ आलू से ऐसा ही बनाती थी." पुष्पा लगेच पाघळली. मी मात्र खाली मान घालून जेवून राहिलो.

मग त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "क्या खेल बंद हो गया?"

पाहा, म्हणजे माणसानं किती निगरगट्ट असावं! माझ्या घरी, माझ्या बायकोच्या हातचं खाऊन विचारतो!

"हो गया," मी म्हणालो. "पूरा बंद. तुम्हारी मेहरबानी."

"बहुत अच्छा," फोन म्हणाला. सिल्व्हानो खूश होऊन दुसरा वडा घेता झाला. मी उलट बोलायला तोंड उघडलं. पुष्पानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठं गप्प बसलो.

जेवण झाल्यावर त्यानं पाकिटातून एक फोटो काढला. कडा झिजलेल्या, मधे घडी. अकरा माणसं, उभे पट्टे असलेले शर्ट. मागच्या रांगेत दुसरा, काळेभोर केस, छाती पुढं. तो हा.

पुष्पा म्हणाली, "विचारा ना, कोणतं साल आहे, कुठं खेळत होते."

मी विचारलं नाही. तोच सांगायला लागला. एक वाक्य त्याचं, एक फोनचं.

नदीकाठचं लहान गाव, वडील सूतगिरणीत. पंधराव्या वर्षी एका क्लबनं उचलला. तो बॅक होता, म्हणजे गोल मारणारा नाही, मारू न देणारा. चौदा सीझन खेळला. लहान लहान शहरांचे क्लब. बसनं प्रवास, चिखलाची मैदानं, पाहायला कधी दोन हजार, कधी दोनशे माणसं. पेपरमध्ये नाव आलं तर बहुतेक वेळा चुकीचं छापलेलं. उन्हाळ्यात खेळ बंद असायचा तेव्हा तो क्लबच्या अध्यक्षांच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम करायचा, तिथं मिलचे पार्ट बनायचे. तिथूनच तो या धंद्यात आला.

"सबसे ऊपर की लीग में मैंने एक मैच खेला," फोन म्हणाला. "उन्नीस मिनट."

आता मी मान वर केली. एकोणीस मिनिटं?

मोठ्या क्लबचे दोन बॅक जखमी होते. सीझनच्या मधेच दुसरं कुणी मिळेना म्हणून याला घेतलं. त्या वेळी वय एकोणतीस. पुन्हा बोलावणं येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मैदानात इतकी माणसं की स्वतःचा आवाज येत नव्हता. आई-वडील आले होते, वडिलांनी लग्नातला कोट घातला होता. विसाव्या मिनिटाला तो स्ट्रेचरवर होता आणि नंतर कधी खेळला नाही.

इथं त्यानं फोटो उलटा ठेवला. मग उजव्या गुडघ्यावर हात ठेवून, हळूच बोलला. फोननं सांगितलं,

"मेरे घुटने में बहुत ज्यादा खेल था. कई महीनों से. मैंने पट्टी बाँधकर छुपाया. डॉक्टर को नहीं बताया, कोच को नहीं बताया. इसलिए खेल रुक गया."

पुष्पा गोंधळली. "गुडघ्यात खेळ? म्हणजे का जी?"

सिल्व्हानोला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. आमच्याकडे जेवायच्या टेबलाची एक खुर्ची आहे, तिचा मागचा पाय दोन वर्षांपासून ढिला. गावभर मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी ढिली खुर्ची, दिव्याखाली अंधार. पुष्पा रोज बोलायची, मी रोज उद्यावर टाकायचो. सिल्व्हानोनं ती ओढली, पाय हातात धरला आणि हलवला. टक-टक, टक-टक.

"जोको," तो म्हणाला. मग गुडघ्यावर बोट. "जोको." पुन्हा खुर्ची, टक-टक. "त्रोप्पो जोको!"

फोन म्हणाला, "खेल. बहुत ज्यादा खेल."

मी ती खुर्ची त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः हलवून पाहिली.

फिटरच्या भाषेत याला एक शब्द आहे. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात जी फट असते, जिच्यामुळे शाफ्ट हलतो, तिला आम्ही म्हणतो प्ले. इंग्लिशमधला प्ले, खेळायचा तोच. हिंदी बोला, मराठी बोला, छत्तीसगडी बोला, शॉपमध्ये सगळे प्लेच म्हणतात. "प्ले आला काय रे?" "प्ले काढ." कुणी खेल म्हणत नाही. इटलीवाल्यांकडेही दोन्हीला एकच शब्द निघाला. त्याचं जोको. फोन इंग्लिशवर असता तर म्हणाला असता, टू मच प्ले, आणि मी तिथल्या तिथं पान्हा उचलला असता. पण तिवारी साहेबांनीच तो हिंदीवर लावला होता, सगळ्यांना समजावं म्हणून. इतिहासात एका अक्षरानं ध चा मा झाला म्हणतात. आमच्याकडे एका फोननं बेअरिंगचा फुटबॉल केला.

"प्ले!" मी ओरडलो. "सिल्व्हानो, प्ले? गिअरबॉक्स? नंबर थ्री?"

"सी! सी! प्ले!" हो हो म्हणत तो पण उभा राहिला. मग माझं तोंड पाहून त्याचा चेहरा उतरला. फोन न वापरता, त्याच्या वीस शब्दांतले तीन जोडून म्हणाला, "यू... नो रिपेअर?"

"पुष्पा, चावी दे गाडीची!"

बोरसी ते हथखोज मी स्कूटर कशी चालवली ते विचारू नका. मागे एवढा मोठा माणूस, हातात घाईत उचललेला फोटो तसाच. गेटवर गार्डनं अडवलं, यादीत माझं नाव नव्हतं. सिल्व्हानोनं माझा दंड धरला आणि आत चालायला लागला, लंगडत, पण काय वेगानं! गार्ड पाहतच राहिला.

शेडमध्ये खेमलाल आणि दोघं जण तीन नंबरचं झाकण बसवून राहिले होते. शेवटचे चार बोल्ट उरले होते.

"का होगे, भैया? तुमन तो छुट्टी म रहेव?" खेमलालनं विचारलं, तुम्ही तर सुटीवर होता ना म्हणून.

"खोल रे बाबा. सगळं खोल."

झाकण निघालं. मी फीलर गेज काढलं. फीलर म्हणजे पोलादाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, एकेक पत्ती कागदाएवढी. फटीत किती पत्त्या शिरतात त्यावरून प्ले कळतो. बेअरिंगच्या वरच्या बाजूला घालायची. इथं दोन जायला पाहिजे होत्या. मी दोन घातल्या, गेल्या. तीन, गेल्या. सहा, त्याही गेल्या.

सहा पत्त्यांचा प्ले घेऊन मिल पूर्ण वेगात चालली असती तर शाफ्टनं आतल्या आत हातोडे मारले असते. दाते तुटले असते. गिअरबॉक्स झटकन अडकतो तेव्हा लाल सळीला पुढं जायला वाट राहत नाही, मग ती वाट सोडून हवेत उडते. तीन नंबरसमोर उभा कोण राहणार होता? खेमलाल. तोच खेमलाल जो माझ्या शेजारी बोल्ट हातात घेऊन उभा होता आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं.

पण गुरुवारी हेच बेअरिंग मी मोजलं होतं. वरून पत्त्या घातल्या होत्या, बरोबर दोनच शिरल्या होत्या. ओके लिहून सही केली होती. मग?

सिल्व्हानोनं वर, क्रेनकडे बोट दाखवलं. मला कळलं. गुरुवारी शाफ्ट क्रेनच्या चेनवर लटकलेला होता. शाफ्ट बेअरिंगमध्ये टेकलेला असतो तेव्हा फट वर असते. चेननं उचललेला असतो तेव्हा तो वर सरकतो आणि बरीचशी फट खाली जाते. मी सवयीनं वरचीच मोजली. बाकीची फट खाली होती. आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात हे.

सिल्व्हानो बाजूला जाऊन पाइपांच्या ढिगावर बसला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा एक विचार आला. सहीचा कागद माझ्याच फाइलमध्ये होता. बेअरिंगच खराब निघालं म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. नोकरीही कदाचित वाचली असती, उलट शाबासकी मिळाली असती की रविवारी येऊन पकडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गुडघा चोळत बसला होता. मी फोन काढला आणि तिवारी साहेबांना लावला.

ते अर्ध्या तासात आले, घरच्या टी-शर्टवर. आधी तर माझ्यावरच उखडले. "आपको मना किया था ना?"

"साहब, हाथ लगाइए." मी त्यांचा हात धरून शाफ्टवर ठेवला आणि खालून बार लावून उचलला. टक. "ये है वो खेल. वो इसके लिए बोल रहा था. हमारे लिए नहीं."

साहेबांनी शाफ्टकडे पाहिलं, सिल्व्हानोकडे पाहिलं, मग शेडच्या मोकळ्या बाजूतून रिकाम्या मैदानाकडे. त्यांचे कान लाल झाले.

"आणि एक गोष्ट," मी म्हटलं. "हे मी मोजलं होतं. चुकीचं मोजलं. शाफ्ट चेनवर असताना. सही माझी आहे."

"पैंतीस साल के तजुर्बे वाला आदमी ऐसी गलती करता है?"

"पैंतीस साल वाला ही करता है, साहब. नया आदमी दो बार नापता है."

सिल्व्हानोनं फोनमध्ये काहीतरी सांगितलं. फोन म्हणाला, "इन्होंने बताया. मैंने नहीं बताया था." साहेबांना त्यातलं काही समजलं नाही, कारण एकोणीस मिनिटांची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मला समजलं. मी तिकडे पाठ करून फडक्यानं हात पुसत राहिलो.

शेवटी साहेब म्हणाले, "मालकांशी मी बोलतो. ट्रायल पुढं ढकलू. नवीन बेअरिंग तुम्हीच बसवाल. आणि दोनदा मोजाल, माझ्यासमोर."

ट्रायल आठ दिवस पुढं गेली. मालक चिडले, पार्टी कुरकुरली, पण आली. बेअरिंग रायपूरला मिळालं नाही, नागपूरहून मागवलं. बसवताना तिवारी साहेब शेजारी उभे होते, नको तितके उत्साही.

"अब एकदम जीरो रखना, कापगते जी. बिल्कुल खेल नहीं चाहिए."

मी आणि सिल्व्हानो एकदमच ओरडलो. मी म्हटलं "नाही नाही", तो म्हणाला "नो, नो, नो!"

साहेब दचकले. मी समजावून सांगितलं. मिल चालली की बेअरिंग गरम होतं. गरम झालं की लोखंड फुगतं. फट शून्य ठेवली तर फुगायला जागा राहत नाही, बेअरिंग जाम होऊन जळतं. जास्त प्ले वाईट, पण शून्य प्ले त्याहून वाईट.

"तो कितना?"

सिल्व्हानोनं दोन बोटं जवळ आणली आणि आयुष्यातलं पहिलं हिंदी वाक्य बोलला. "थोड़ा खेल."

तिवारी साहेब हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नोटीस काढून टाकली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणीतरी पेननं दोन शब्द घुसवले होते. "गिअरबॉक्स का खेल तत्काल प्रभाव से पूर्णतः बंद किया जाता है." अक्षर खेमलालचं होतं. साहेबांनी वाचलं आणि तसंच राहू दिलं. लंचला आम्ही मैदानात उतरलो. सात मिनिटं उशीर करायचा नाही, एवढं मी सगळ्यांना बजावलं.

मिल चालली. अजून चालते. त्यानंतर चार वर्षं मी तिथं होतो, आणि प्रत्येक बेअरिंग दोनदा मोजलं, चेन काढून. या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. मोजायच्या आधी शाफ्ट कशावर टेकला आहे ते पाहा. आणि कुणी काही म्हणालं तर शब्द ऐकून भडकू नका, आधी त्याचं बोट नक्की कशाकडे आहे ते पाहा.

सिल्व्हानो दोन महिन्यांनी परत गेला. जायच्या दिवशी पुष्पानं फरा डब्यात भरून दिला आणि त्यानं विमानतळावरच खाल्ला. अधूनमधून मेसेज येतो. तो त्याच्या भाषेत लिहितो, माझा फोन हिंदी करतो. गेल्या हिवाळ्यात आला तो असा, "नया घुटना लगाया. अब बिल्कुल खेल नहीं."

मी तो मेसेज दोनदा वाचला. मग लिहिलं, "कौन सा खेल?"

थोड्या वेळानं उत्तर आलं.

"दोनों."

पुष्पानं विचारलं, का झालं, डोळे कावून पुसून राहिले. मी सांगितलं. मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती तीच होती, ढिल्या मागच्या पायाची. पान्हा समोरच्या ड्रॉवरमध्ये आहे, दोन मिनिटांचं काम आहे. पण तेव्हापासून पुष्पानंही कधी म्हटलं नाही की ही खुर्ची एकदाची कसून टाका.